घरात जेवणारी माणसं

पिशवीचा बंद तुटला आणि माझ्या वाट्या जिन्यावरून निघाल्या. स्टीलच्या, लहान-मोठ्या, एकमेकींचा पाठलाग करत, खणखणत... सगळ्यात धाकटी वाटी खालून वर येणाऱ्या एका माणसाच्या बुटाला टेकून थांबली.

त्याने ती उचलली. आत डोकावून पाहिलं.

"रिकामी? एवढा गाजावाजा करत आली, मला वाटलं काहीतरी घेऊन आली असेल."

"रिकाम्याच असतात," मी म्हटलं. "मी घरोघर विचारत फिरते — काल काय जेवलात, किती जेवलात. शब्दांत सांगता आलं नाही, की वाटी दाखवायची."

"सगळ्यांना विचारता?"

"फक्त बायकांना. कुठली जीवनसत्त्वं त्यांच्या पोटात जातात, आणि त्यावर त्यांचं आयुष्य वाढतं की... घटतं. वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास आहे."

"म्हणजे मावशीकडेच निघालात! तिने नाव दिलंय त्यात." तो हसला, आणि कपाळावर ढकललेला चष्मा नाकावर घसरला. "मी तिचा भाचा. खाली चष्म्यांचं दुकान आहे ना, ते माझं. लोकांना गाजरं खायला सांगू नका हं. धंदा बसेल."

मी हसू गिळलं. आमच्या कामात ते गिळावंच लागतं. उत्तर ऐकून भुवई उचलायची नाही, 'वा' म्हणायचं नाही, सल्ला तर मुळीच नाही. समोरची बाई आपला चेहरा वाचते आणि आपल्याला आवडेल तेच सांगू लागते. आणि त्या घरी घासही घ्यायचा नाही.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. फुंकर घातली तर उडतील इतक्या हलक्या, पण डोळे मिस्कील.

"घरात जेवणारी माणसं किती?" माझा पहिला प्रश्न नेहमी हाच.

"दोन. तिसरं हा घोडा आणत नाही."

"मावशी!" घोडा कानापर्यंत लाल झाला.

"बरं, काल दुपारी काय घेतलंत?"

मावशी खुलल्या. पालकाची भाजी, डाळ, किसलेलं गाजर, उकडलेलं अंडं, वर संत्रं. मी वाटी पुढे केली. "भाजी एवढी?"

"त्याहून जास्त!"

"मावशी..." दारातून तो हळूच म्हणाला, "ते तू मला वाढलंस. तू काय खाल्लंस?"

मावशी बोटं चाळवत राहिल्या.

"अरे, रांधलं मीच ना? चव बघितली. म्हणजे खाल्ल्यासारखंच की." आणि हसून गुणगुणल्या —

"रांधता रांधता बाई, भूक हाताला लागली,
वाढता वाढता सारी ताटाताटांत वाटली."

मग एक बाटली पुढे सरकवली. "आणि या गोळ्या घेते की रोज. सगळी जीवनसत्त्वं आहेत, वर छापलंय. चावायची कटकट नाही."

मी चेहरा कोरा ठेवला. पण आठवण आलीच. मागच्या हिवाळ्यात अशाच एका हसऱ्या बाईंचं दार वाजवलं, तर शेजारीण म्हणाली होती, "आता कुणाला विचारणार तुम्ही?" त्याही नुसती चवच बघायच्या.

तो जिन्यापर्यंत सोडायला आला. "गोळ्यांवर भागतं का हो? बोलू नका. नुसती मान हलवा."

"मला परवानगी नाही."

"आणि चेहऱ्यावर तर काहीच लिहिलेलं नाही. कुठल्या नंबरचा चष्मा लागतो तुम्हाला वाचायला?"

मी खाली पाहिलं. पण रोज लोकांच्या डोळ्यांत डोकावणारा माणूस तो... पापणीआड काय थरथरलं, ते त्याला दिसलं असावं. धाकटी वाटी त्याने माझ्या पिशवीत नीट ठेवली — तान्ह्याला निजवावं तशी.

पुढच्या भेटीला गेले, तर भर दुपारी दुकानाला कुलूप. वर तो भरलं ताट पुढ्यात घेऊन, हाताची घडी घालून बसलेला. समोर मावशी, त्यांच्याही पुढ्यात ताट.

"जेव रे, निवतंय."

"तू घास घे. मग मी."

"मेला हट्टी!"

"तुझ्याच हाताखाली वाढलोय."

रागावणं नाही, उपदेश नाही. नुसता शांतपणे भुकेला बसला होता. मावशी सगळं सोसतील, त्याची भूक कशी सोसतील? पुटपुटत त्यांनी घास घेतला. मग त्याने. त्यांचा एक, त्याचा एक, जशी ओवीमागून ओवी... मी दारात उभी होते. रिकामी आलेली मी काठोकाठ भरत चालले होते.

"पण असा रोज दुकान टाकून येणार का तू?" मावशींचा हात मध्येच थांबला. "गोळ्या आहेतच की. काय गं पोरी, पुरतात ना?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझा एक शब्द त्यांनी ऐकला असता. मी गप्प राहिले... आणि मावशींनी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या बाईंपुढे उभी राहिले. याच कामात केस पिकलेल्या आमच्या वरिष्ठ.

"ते घर माझ्याकडून काढून घ्या."

"का गं? भांडण?"

"माझा चेहरा तिथे कोरा राहत नाही."

त्यांनी मला न्याहाळलं. "मावशींमुळे? की आणखी कुणामुळे?"

"...दोघांमुळे."

"बरं. यापुढे तिथे मी जाईन. ताट बदललेलं दिसलं, तर बदललेलं लिहीन." मग हळूच म्हणाल्या, "तू जा. जेवून ये."

दुसऱ्या दिवशी जिना चढले, तेव्हा हात मोकळे होते. दार त्यानेच उघडलं.

"वाट्या?"

"नाही आणल्या."

"मग विचारणार कसं?"

"विचारायला उद्या आमच्या मोठ्या बाई येतील. मी जेवायला आले."

त्याचा चष्मा पुन्हा घसरला. या वेळी मी हसू गिळलं नाही.

मी सरळ मावशींशेजारी बसले. "गोळी ही पाहुणी, मावशी. घर चालवते ती भाजीच. तुम्ही आधी. मग आम्ही दोघं."

"आता तू पण उपाशी बसणार?"

"हो."

"अगं बाई, एकाची भूक बघवत नव्हती..." मावशींनी डोळे टिपले आणि घास घेतला. मग दुसरा. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय. इतके दिवस कुणी बोललं नाही!"

तो संत्रं सोलत होता. सालीचा गंध खोलीभर पसरला. एक फोड त्याने माझ्यापुढे धरली.

"उद्या नवीन बाई येतील ना?"

"हो."

"पहिलाच प्रश्न विचारतील — घरात जेवणारी माणसं किती?" तो माझ्या डोळ्यांत बघत होता, चष्म्याशिवाय. "काय सांगू?"

फोड आंबटगोड होती. मी ती सावकाश खाल्ली.

"तीन सांग."