वरून तीन ठोके

"मेल्यावरसुद्धा कामाला लावते ही बाई."

वेंडेल हार्जू बुटांवरचा बर्फ झटकत पुटपुटला. हळूच. पण दुकान माझं एवढंसं, त्यात एका खुर्चीत त्याची बहीण गेल बसलेली. तिनेही ऐकलं. आम्ही दोघींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. गेल्या एप्रिलची आठ तारीख, सोमवार, सकाळचे अकरा. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या दुकानात येऊन बसावं.

मी व्हर्ना लाहती. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, केल्युमेटमध्ये, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते. हे मला कुणी शिकवलं नाही. नवरा निघून गेला त्याच महिन्यात माझे सगळे फोटो उडाले. त्यातला नवरा सोडून बाकीचं परत आणताना शिकले.

आजही छपरावरून बर्फ घसरला की मी हातातलं काम थांबवते.

आणि मोजते.

वेंडेलची आई, आयली. एक्क्याऐंशीची. सांधे आखडलेले, लिहिता येत नव्हतं. म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटरशी बोलायची. किती इंच बर्फ पडला, दाण्यांवर कुठला पक्षी आला, कुणाचा गुडघा दुखतोय. अशी तीनशे अकरा रेकॉर्डिंगं. नऊ मार्चला ती गेली. वेंडेल तिच्याच घरात, खालच्या तळघरात राहायचा. बर्फ मोजायची काठी तिच्या पलंगाशी असायची. काही हवं असलं की ती जमिनीवर तीनदा आपटायची.

तीन ठोके म्हणजे वेंडेल, वर ये.

"अंत्यविधीनंतर चर्चमधल्या जेवणाच्या वेळी आईचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते," वेंडेल सांगू लागला. "डिस्क भरलेली. जागा करायला गेलो, तर चुकून तिचा फोल्डर पुसला गेला."

"आणि कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही चुकूनच रिकामा केलास?" गेल म्हणाली.

"तुला फोटो दिसले ना? रडलीस ना सगळ्यांसमोर? मग!"

"फोटोत ती बोलत नाही, वेंडेल."

गेल थंडीभर आईकडे आली नव्हती. ख्रिसमसला भांडण झालं होतं, न यायला बर्फाचं निमित्त होतं. आता तिला फक्त आवाज हवा होता. माझ्यासाठी तिने वेलदोड्याचा पाव आणला होता, आईच्या पद्धतीचा. जरा कच्चा राहिला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

पुसलेली फाइल लगेच मरत नाही. तिची जागा फक्त रिकामी समजली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, की मग ती खरी मेली. यांनी आईच्या आवाजावर आईचेच फोटो लिहिले होते.

आणखी एक. फाइल केव्हा पुसली, त्याची वेळ कुठेतरी राहते. मला ती दिसली.

नऊ मार्च. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं.

चर्चमधलं जेवण तर बारा मार्चला होतं.

मी ती वेळ एका कागदावर लिहून ठेवली. लोकांच्या डिस्कवर मला बरंच काही दिसतं. तोंड मिटून ठेवायची सवय झाली आहे.

सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवायच्या नसतात. वेंडेलने स्वतःची डिस्क आणली होती. ती जोडली. त्यात त्याचे चार फोल्डर. बोट. शिकार. जुनी गाडी. आणि ट्रिना. ट्रिना म्हणजे त्याची मुलगी, टेक्ससला असते, फोन करत नाही.

"ट्रिनाचे लहानपणचे फोटो दुसरीकडे कुठे नाहीत हं," तो म्हणाला. "जपून."

पहिली फाइल आली. लावली.

काहीच नाही...

दुसरी. तिसरी. पन्नासावी. नुसती शांतता. गेलने कानावरचा हेडफोन हातांनी दाबून धरला.

तेवढ्यात वेंडेलने वर पाहिलं.

आधी त्याने पाहिलं... मग आवाज आला.

ठक.

ठक.

ठक.

वेंडेल ताडकन उठला. जिन्याकडे निघाल्यासारखी दोन पावलं टाकली. माझ्या दुकानात जिना नाही. वर छप्पर आणि छपरावर दोन फूट बर्फ.

"बर्फ घसरला असेल," मी म्हणाले.



मी पडद्याकडे पाहिलं. बोट हा फोल्डर आता तिथे नव्हता.

"व्हर्ना, तू काय दाबलंस?"

"माझे हात पावाने भरलेत, वेंडेल. बघ."

पुन्हा तीन ठोके. शिकारही गेली. मी कचऱ्याचा डबा पाहिला. रिकामा. जिथे बोट होती, तिथे आता फक्त आकडे असलेल्या फाइली भराभरा येऊन बसत होत्या.

"काढ ती डिस्क!" वेंडेल ओरडला.

मी वायर उपटली.

ठक... ठक... ठक.

जुनी गाडी गेली.

वायर माझ्या हातात होती. पडद्यावरची यादी तरी हलत होती. हे कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर मी सुखाने झोपले असते.

आता एकच फोल्डर उरला होता. ट्रिना. त्याच्या शेजारी एक फाइल. नऊ मार्च. सत्तेचाळीस मिनिटं.

ती आपोआप सुरू झाली. हेडफोनमधून नाही. दुकानभर.

"आज अठरा इंच," आयली म्हणाली. आवाज अगदी ठणठणीत. "लाल पक्षी आला नाही. गेलला फोन करायचाय, भांडण माझ्याकडून मिटलं..."

गेलने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मग खुर्ची घसरल्याचा आवाज. काहीतरी जड पडलं.

मग बराच वेळ श्वास.

मग ठोके. तीन. थांबून पुन्हा तीन.

आता फाइलमधून येताहेत की छपरातून, ते सांगता येईना. तीन. पुन्हा तीन. तिसऱ्या ठोक्याला ट्रिनाचा फोल्डर फिका पडला, परत उजळला, परत फिका पडला. कुणीतरी वाट पाहत असावं तसा.

"आई, नको," वेंडेल म्हणाला. छपराकडे बघून. "तेवढं नको."

ठक.

"वेंडेल," गेल म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "आई गेली तेव्हा तू घरी नव्हतास असं सांगितलंस. सामान आणायला गेला होतास म्हणे."

ठक.

मी दहा वाजून बारा मिनिटं ही वेळ लिहिलेला कागद टेबलावरून त्याच्यापुढे सरकवला. एवढंच मला जमलं.

वेंडेलने कागद पाहिला. मग तो खाली बसला, जमिनीवरच, ओल्या बुटांशेजारी. तिसरा ठोका येईना. पडद्यावरचं ट्रिनाचं नाव थरथरत थांबलं.

"मी खालीच होतो," तो म्हणाला. "पहिल्या ठोक्यापासून ऐकत होतो. मी टीव्हीचा आवाज वाढवला."