अप्पांसाठी ब्रश

दाढीचा ब्रश आणायला गेलेल्या मुलीला नवरा भेटतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याची टिंगल केली असती. पण झालं तसंच. श्रावणातली भुरभुर चालू होती, मी शिकवते ती शाळा सुटली होती आणि औशाची गाडी धरायच्या आधी मी लातूरच्या गंजगोलाईतल्या एका कटलरीच्या दुकानात शिरले होते.

दुकानदारानं समोर दोन ब्रश ठेवले. एक लाकडी मुठीचा, खऱ्या केसांचा, महाग. दुसरा नायलॉनचा, दिसायला अगदीच पोरकट. अप्पांना स्वस्तातलं काही द्यायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. मी लाकडी मुठीचा उचलला.

"कुणासाठी घेताय?" शेजारून आवाज आला. उंच, सावळा माणूस, शर्टाच्या खिशाला मार्करचे निळे डाग.

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही... तुमच्या कपाळावर विभूती दिसली, म्हणून विचारलं. घरी पूजेआधी दाढी होत असेल, तर हा नका नेऊ." मग त्यानं आवाज खाली आणला. "डुकराचे केस आहेत."

माझ्या हातून ब्रश सुटलाच. दुकानदार म्हणाला बकरीचे असतील, मग म्हणाला घोड्याचे असतील. मला चालेल ते जनावर द्यायची त्याची तयारी होती. त्या माणसानं ब्रशमधला एक केस ओढून दिव्यासमोर धरला आणि मला दाखवला. टोकाशी तो केस फाटून दुभंगला होता. डुकराचा केस असाच फाटतो, म्हणाला. नायलॉनला टोक असतं, पण ते असं फाटत नाही, आणि ते वाळतंही लवकर.

"तुम्ही काय केसांचे डॉक्टर आहात?"

"नीटच्या क्लासला जीवशास्त्र शिकवतो. खात्री नसेल तर जाळून बघू... तुलनेला तुमचा एक केस द्यावा लागेल."

मी रागानं बघायला गेले आणि हसले. तिथंच माझं बिनसलं. त्याचं नाव अश्वजित. मी नायलॉनचा ब्रश घेतला, त्यानंही तसाच घेतला. त्याला ब्रशची मुळीच गरज नव्हती, तो आला होता पेनाच्या रिफिली घ्यायला, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

ब्रशची गरज मला होती. अप्पा म्हणजे माझे वडील महादेवप्पा, औशाच्या बाजारात त्यांचं भुसार दुकान होतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि कधीकधी वाटायचं की तेच वाईट झालं. आयुष्यभर त्यांचा एक नेम होता. सकाळी दाढी, मग अंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा. दाढी झाल्याशिवाय ते पूजेला बसत नसत. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि एकदा न्हाव्याचा वस्तरा लागला तेव्हा रक्त थांबता थांबेना, म्हणून न्हावी बंद. ब्लेड पाहिलं की माझ्या आईला, अव्वाला, घाम फुटायचा. राहिले मी, एकुलती एक. जुन्या ब्रशचे केस गळून अप्पांच्या फेसाळ गालाला चिकटायचे आणि ते डाव्या हातानं मला ढकलायचे.

नवा ब्रश मऊ होता, पण फेस गळ्यावरून वाहत गेला आणि मी अप्पांना कापलंच. अव्वानं कापूस दाबून धरला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग अश्वजितला फोन केला, कारण बिघडलं तर सांगा म्हणून त्यानं नंबर दिला होता. त्याला मी चांगलं झापलं. तो शांतपणे म्हणाला की नायलॉन पाणी धरून ठेवत नाही, ब्रश झटकून घ्यायचा, आणि हाताला सराव हवा.

"सराव कुणावर करू? भिंतीवर?"

"माझा गाल रिकामा आहे..."

तो लातूरला केवळाबाई नावाच्या म्हातारीकडं भाड्यानं राहायचा. तिच्या अंगणात खुर्ची टाकली. केवळाबाई समोर डाळ निवडायला बसल्या, पण त्यांचं डाळीकडं लक्ष नव्हतं. मी ब्रश झटकला, साबणावर फिरवला, फेस काढला. परक्या पुरुषाच्या गालावर हात ठेवायचा होता.

"डोळे मिटा," मी म्हणाले.

"मिटले तर दिसणार कसं?"

"काय दिसायचंय?"

"तुम्ही..." आणि त्यानं डोळे मिटले.

मी त्याचा गाल ताणून धरला आणि रेझर खाली ओढला. एकदा, पुन्हा एकदा. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या मनगटाला लागत होती. कुठं कापलं नाही. केवळाबाई म्हणाल्या, "पोरी, निम्मी दाढी करून कितीक येळ बघत बसणार हायस?" आम्ही दोघंही लाजलो. मला तो आवडला होता. लई आवडला होता, आणि आता ते लपवायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारीही सराव झाला, नंतरच्याही. खरं तर माझा हात केव्हाच बसला होता. अप्पांची दाढी स्वच्छ व्हायला लागली, ते पूजेला बसायला लागले, आणि औसा-लातूर गाडीत मी खिडकीशी बसून उगाच हसायला लागले. एका संध्याकाळी बसस्थानकावर अश्वजितनं विषय काढला. तो मुखेडकडचा, घरचे बौद्ध. मला ते नावावरूनच कळलं होतं, तसं मी सांगितलं. तुझ्या घरी काय म्हणतील, असं त्यानं विचारलं. आपल्या धर्मात जातपात नाही, असं अप्पा दुकानात बसून सगळ्यांना सांगायचे, तेच मी त्याला ऐकवलं. तो माझ्याकडं बघत राहिला.

"लपवून करायचं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "माझी आई म्हणती, पोरगी चोरून आणली तर मी दारात उभी राहणार न्हाई."

मलाही लपवायचं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. अप्पांना ऐकू येतंय, समजतंय, तोवर त्यांना सांगायचं आणि त्यांचा तो एकच चालता हात डोक्यावर ठेवून घ्यायचा, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

म्हणून एका रविवारी सकाळी मी त्याला घरी बोलावलं. चहा झाला की सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. तो आला तेव्हा मी अप्पांच्या तोंडाला फेस लावत होते. अप्पांनी त्याला न्याहाळलं, त्याच्या गुळगुळीत गालाकडं पाहिलं, आणि डाव्या हातानं माझ्या हातातल्या रेझरकडं अन् मग त्याच्याकडं बोट केलं. त्याला करू दे. अश्वजितनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

इतकी सुंदर दाढी अप्पांची आजारपणात झाली नव्हती. अप्पांनी स्वतःचा गाल चाचपला आणि अश्वजितच्या मनगटावर थोपटलं. अव्वाचे डोळे भरून आले. मग आम्ही दोघींनी अप्पांना अंघोळ घातली, पूजा झाली, विभूती लागली. अव्वानं चहा आणला आणि हसत विचारलं, तुम्ही कुणापैकी?

"आम्ही बौद्ध, मावशी. मुखेडकडचे."

अव्वाचा हात बशीवरच राहिला. अप्पांनी मांडीवरचा डावा हात हळूहळू उचलला आणि न्हाणीकडं दाखवला. मला वाटलं लघवीला जायचंय. मी उठले, तर त्यांनी स्वतःच्या गालावर हात ठेवला, आणि पुन्हा न्हाणीकडं दाखवलं.

त्यांना परत अंघोळ हवी होती.

अश्वजितला माझ्या आधी कळलं. तो उठला. कप होता तिथंच राहू दिला, धुतला नाही, आणि मला त्या क्षणीही ते बरं वाटलं. "येतो मावशी," एवढंच म्हणून तो गेला. अव्वानं बंब पेटवला. मी अप्पांच्या अंगावर पाणी ओतलं. गालाला साबण लावायला ते पुन्हा पुन्हा खुणावत होते आणि मी लावत होते. माझ्या आयुष्यात मला माझ्या बापाची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्यांची इतकी कीवही कधी आली नव्हती.

साबण ठेवायला गेले तर न्हाणीतल्या कोनाड्यात अप्पांचा जुना ब्रश होता. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा, टक्कल पडलेला. मी त्यातला एक केस उपटला आणि खिडकीशी धरला. टोक दुभंगलेलं होतं.

तो केस मुठीत घेऊन मी बसस्थानकावर पळत गेले. अश्वजित लातूरच्या गाडीची वाट बघत भिजत उभा होता. मी मूठ उघडली. त्यानं पाहिलं आणि मान फिरवली.

"दाढी झाल्यावर न्हाणीत हात धुवायला गेलो, तवाच दिसला होता," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? अप्पांनी तुझा हात धुऊन काढला, अश्वजित. अन् रोज सकाळी हे तोंडाला लावून पूजेला बसत होते."

"मला लागलंय, रुद्राणी. लई लागलंय. पण त्यांच्याजवळ आता ती एक पूजाच राहिली हाय. ती हिसकून मला तू नको." "मला तू पाहिजेस. पण त्या घरात मी कुणाचा दोस्त म्हणून परत येणार न्हाई. जावई म्हणून बोलावलं तर येईन... न्हाईतर न्हाई."

गाडी आली. तो चढला. घरी येऊन मी तो जुना ब्रश बंबातल्या विस्तवात घातला. अव्वाला घाण वास आला, तेव्हा चिंधी जळाली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या गालाला फेस लावता लावता मी त्यांना सगळं सांगितलं. मी अश्वजितशी लग्न करणार आहे. तुमचा हात डोक्यावर असावा असं मला वाटतं. नसला तरी करणार आहे. अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी थांबले. फेस गालावर वाळून पांढरा पापुद्रा झाला, तरी ते वळले नाहीत. मग मी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि शाळेला गेले.

त्यानंतर त्यांनी मला तोंडाला हात लावू दिला नाही. पांढरी दाढी वाढत गेली. दाढी नाही म्हणून पूजा नाही. इष्टलिंग गळ्यात तसंच, आणि अप्पा छताकडं बघत पडून. अव्वा माझ्याशी बोलेना. बोलली की एकच, बापाला जितेपणी मारलंस. मला ब्रशचं सांगावंसं वाटायचं. जिभेवर यायचं अगदी, पण मी गिळून टाकायचे.

नोटिशीची मुदत संपली आणि लातूरच्या विवाह नोंदणी कार्यालयात आमची तारीख लागली. त्या सकाळी मी साडी नेसून बॅग भरली. अव्वा दारात उभी. हातात रेझर.

"मला शिकव," ती म्हणाली. "तू गेल्यावर कोण करणार?"

अव्वा पलंगाशी बसली, मी तिच्या मागं. ब्रश झटकून दिला. फेस तिनं लावला. रेझर धरला तसा तिचा हात लटलटायला लागला, मग मी मागून तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि ओढला. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. अव्वाचा हात असा सरळ चालणार नाही, हे त्यांना समजत होतं. हात कुणाचा आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला वाटलं, आता तोंड फिरवणार.

त्यांनी हनुवटी वर केली. गळा मोकळा केला, आणि डोळे उघडले नाहीत.

आम्ही गळ्यावरून सावकाश रेझर फिरवला. रक्ताचा टिपूससुद्धा आला नाही. माझं बोट मी त्यांच्या कातडीला एकदाही लागू दिलं नाही. अव्वानं तोंड पुसलं आणि अंघोळीचं पाणी काढायला गेली. जाता जाता म्हणाली, तुझी गाडी जाईल. मी पलंगाच्या पायथ्याशी वाकून नमस्कार केला. डावा हात चादरीवरच होता.

अश्वजित कार्यालयाच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, शेजारी त्याची आई, डोक्यावर पदर घेतलेली. त्यानं माझ्या बाहीवरचा वाळलेला साबण पाहिला.

"अप्पांची दाढी झाली?"

"झाली," मी म्हणाले. "अव्वानं केली."

त्याच्या आईनं मला जवळ ओढलं आणि डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.