भरतीच्या वेळची मोजणी

ऑर्विन पहिल्यांदा दिसला तेव्हा भर दुपारची भरती होती आणि तो समुद्राच्या बांधावर उभा राहून ड्रोन उडवत होता. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आमच्या डेमेराराच्या किनाऱ्यावर असे बूट फक्त लग्नाला आणि मयताला घालतात. मी बांधावर बसून डाळपुरी खात होते. त्याने वळून विचारलं, "या पाण्याखाली काय असतं हो?"

खरं सांगायचं तर खाली आमची तिवराची रोपं होती. गावातल्या चौदाजणींनी तीन वर्षं खपून लावलेली, गुडघ्याएवढी. भरतीला ती बुडतात, ओहोटीला वर येतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या बुटांकडे पाहून मला थट्टेची लहर आली.

"चिखल," मी म्हणाले. "आणखी काय असणार?"

तो हसला. हसू चांगलं होतं, एवढं माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मग तो गेला, मी डबा बंद केला आणि विषय संपला असं मला वाटलं.

दहा दिवसांनी गावच्या कचेरीबाहेर नकाशा लागला. समुद्रातून येणाऱ्या गॅसच्या पाइपांसाठी कंपनी किनाऱ्यावर यार्ड बांधणार होती, आणि जागा नेमकी आमच्या रोपांची. नकाशावर तिथे लिहिलं होतं, 'रिकामा चिखल'. खाली मोजणीदार म्हणून ऑर्विनची सही.

गॅस नको असं गावात कुणीच म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही. देशात तेल सापडल्यापासून राजधानीत इमारतींवर इमारती चढताहेत, आणि आमचे दिवे अजून दिवसातून दोनदा जातात. वर त्या डिझेलच्या वीजघराचा काळा धूर. गॅस आला की तो बंद होणार होता. माझा भाऊ खेमराज तर यार्डातल्या नोकरीचा अर्ज भरून मोकळा झाला होता. पण आमचं गाव समुद्राच्या पातळीखाली आहे. तिवरं लाटा झेलतात म्हणून बांध टिकतो. ती गेली तर एखाद्या उधाणाला पाणी थेट चुलीपाशी. आणि हा सगळा घोळ माझ्या एका शब्दाने झाला होता.

मी ऑर्विनला गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. तो रुपुनुनीचा, आत दूर गवताच्या माळावरचा. तिकडे गुरं, घोडे, आणि समुद्र औषधालाही नाही. भरती-ओहोटी बघून मोजणी करायची असते हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"म्हणजे तुम्ही थट्टा केलीत," तो म्हणाला, "आणि मी तिच्यावर सही करून दिली."

रागावला नाही. तेवढ्यानेच मी थोडी... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी त्याला खाली नेलं. चौथ्याच पावलाला डावा बूट गाळाने गिळला. आमच्या चौदाजणींची म्होरकी बासमती मावशी म्हणाली, पोरगा बूट शोधत नाही, रोपं बघतोय, म्हणजे कामाचा आहे. पुढे सोळा दिवस आम्ही मोजत होतो. तो दोरी धरायचा, मी आकडे सांगायची. आकडा लिहून झाला तरी तो माझ्याकडे बघत राहायचा, आणि मी उगीच तोच आकडा पुन्हा सांगायची. एकदा मी घसरले तर त्याने मनगट धरलं... आणि मी सावरल्यावरही सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.

"तुमच्याकडे मुलीला मागणी कशी घालतात?" त्याने विचारलं.

"आधी ओहोटीची वेळ बघतात."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. वेडाच होता.

नव्या अहवालात अकरा हजार दोनशे रोपं होती. गावच्या शाळेत सभा भरली. कंपनीचे साहेब आवाज न चढवता म्हणाले की मोजणीदार इथल्या एका मुलीबरोबर हिंडतो असं कानावर आलंय. तसं असेल तर हा अहवाल बाजूला ठेवू, पहिल्या नकाशाप्रमाणे काम सुरू करू. मग त्यांनी थेट मलाच विचारलं, तुमचं यांच्याशी काही आहे का?

खेमराज जमिनीकडे बघत होता. ऑर्विन माझ्याकडे.

"नाही," मी म्हणाले. "हे मोजायला आले, आम्ही जागा दाखवली. मला या माणसात काडीचा रस नाही."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. ऑर्विनने मान खाली घालून कागद सारखे केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न भेटताच तो रुपुनुनीला निघून गेला.

सहा आठवड्यांनी अहवालावर शिक्का बसला. यार्ड बंद पडलेल्या भातगिरणीच्या जागेवर गेलं. खेमराजला तिथे नोकरी लागली आणि घरोघर मिठाई वाटली गेली. माझ्या वाट्याची मी तशीच पुडीत बांधून ठेवली. बासमती मावशीने ते बघितलं. आता कुणाच्या बापाला उत्तर द्यायचं नाही, जा, म्हणाली.

तांबड्या मातीच्या रस्त्याने दीड दिवस गाडीत आदळत मी त्याच्या घरी पोचले. त्याची आई पडवीत कसावाचे कंद किसत होती. तो कुंपणाची तार ओढत होता.

"मोजायचं काही राहिलं का?" त्याने विचारलं. वर बघितलं नाही.

"सभेत मी खोटं बोलले," मी म्हणाले. "रोपांसाठी. तेव्हापासून मला कशातच चव नाही. मला तू आवडतोस, ऑर्विन."

त्याने तारेला आणखी एक पीळ दिला.

"मला ते खरं वाटलं," तो शेवटी म्हणाला.

"वाटायलाच हवं होतं. तुला पटलं नसतं तर... त्यांनाही पटलं नसतं."

त्याने हातातली तार खाली ठेवली. माझ्या मातीने माखलेल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पडवीकडे वळून आईला म्हणाला, "मा, दोघांचं वाढ."