निसणीच्या शिवेवरचा गाडा

निसणीगडाच्या पूर्वबुरुजावर उभे राहिले, की पहाटेच्या पहिल्या उजेडात खालचे पठार हळूहळू धुक्यातून वर येई आणि गावागावांतल्या चुलींचा धूर एकेका घराचे छप्पर दाखवू लागे. पण त्या चैत्रातल्या पहाटे, पेशवाई मोडून गेली होती आणि नव्या टोपीकर सरकारची माणसे अजून या डोंगरांत पोहोचली नव्हती अशा त्या अधांतरी साली, धूर निघत होता तो गावांच्या बाहेरून, ओढ्याकाठच्या मसणवटीतून. गडाचे धनी रायाजीराव देशमुख शेला पांघरून तो धूर पाहत उभे होते. चोपन्न वर्षांच्या या माणसाने लढाया पाहिल्या होत्या, दुष्काळ पाहिला होता, पण ज्याच्यावर तलवार उगारता येत नाही असा शत्रू त्यांच्या वतनात पहिल्यांदाच आला होता, आणि खरे सांगायचे तर त्यांना भीती वाटत होती.

लोक त्या रोगाला पटकी म्हणत. सकाळी नांगर धरलेला माणूस दुपारी ओकू लागे आणि सांजेला त्याला उचलायला चौघे शोधावे लागत. पठारावरच्या अकरा गावांत ती फिरली होती, आणि तिच्यापुढे, तिच्याबरोबर, मरीआईचा गाडा फिरला होता.

हा गाडा म्हणजे लाकडाची चार चाके, वर हिरव्या लुगड्यातली आईची मूर्त, भोवती लिंबे, नारळ आणि बांगड्या. गावात मरी आली, की सगळ्या गावाने एकत्र जमून तो गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. म्हणजे आई गेली आणि मरीही तिच्यासोबत गेली. पुढच्या गावाने तसाच तो पुढे ढकलायचा. आईचा सेवक पोतराज सोबत असला, कंबरेला घुंगरू बांधून आणि स्वतःच्या अंगावर आसूड ओढून तो तिची सेवा करीत असला, तरच गाडा एका जागी मुक्काम करी. पोतराज नसेल, तर सूर्य मावळायच्या आत त्याला पुढे हाकललाच पाहिजे, असा रिवाज होता. आणि या गाड्याचा पोतराज सटवा आदल्या दिवशी दुपारीच पटकीने गेला होता. त्याचा भाऊ त्याच्याआधी चार दिवस गेला होता. तिसरा पोतराज त्या मुलखात नव्हता.

आता गाडा निसणीच्या शिवेवर येऊन थांबला होता. निसणी हे वतनाचे शेवटचे ठिकाण. त्याच्यापुढे खिंड, आणि खिंडीखाली तळवड्याच्या सुभेदाराची साठ गावे.

दिवस वर आला तशी सदर भरली. रायाजीरावांचे चुलतभाऊ दारकोजीराव हे अंगाने देखणे, बोलण्यात गोड आणि गादीपासून एकच पायरी खाली बसणारे; त्या एका पायरीचे त्यांना जन्मभर दुःख होते. ते उठून मुजरा करून म्हणाले, "दादासाहेब, यात विचार तो कसला करायचा? रिवाजच आहे. दुपारपर्यंत गाडा खिंडीत उतरवू. तळवडेकराने गेल्या सालापासून आपल्या खिंडीवर चौक्या बसवल्या आहेत. एक माणूस न गमावता, एक गोळी न उडवता त्याचे घर रिकामे होईल. आईनेच ही तोड काढून दिली, असे समजावे."

सदरेवर कुणीतरी हसले. रायाजीराव हसले नाहीत.

"दारकोजी, तुम्ही गाडा पाहिलात. मी गाड्यामागची माणसे मोजली," ते म्हणाले. "कुसरुंडाला गाडा पोहोचला तेव्हा तिथे एकही आजारी नव्हता. ओढणारे रात्री चावडीवर झोपले, तिथल्याच घड्याचे पाणी प्याले. तिसऱ्या दिवशी चावडीशेजारचे पहिले घर आजारी पडले. अंबेखोलीला तेच. वाळंजाला तेच. मरी आई नेत नाही. आईला नेणारी माणसे नेतात."

"म्हणजे आपण आईलाच खोटे पाडता?"

"आईला नाही. आपल्या सगळ्यांना."

दारकोजीरावांनी मान लववली आणि ते खाली बसले. पण ज्यांनी त्यांचे डोळे पाहिले त्यांना कळले, की या माणसाने आत्ताच काहीतरी मनाशी गाठ मारून ठेवले आहे.

दवंडी फिरली. गड आणि माची मिळून आठशे माणूस दरवाजापुढच्या पटांगणात जमले, आणि रायाजीरावांनी त्यांना एकमेकांपासून हातभर दूर उभे केले, तेव्हा बायाबापड्यांत कुजबुज झाली, कारण धन्यासमोर असे विखरून उभे राहणे कुणालाच शोभेसे वाटत नव्हते. ते दरवाजाच्या पायरीवर चढले. डोक्याला पागोटे नव्हते.

"मायबाप हो, हा रोग कुठून येतो ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असे सांगितले तर ते खोटे होईल. एवढे पाहिले, की माणूस माणसाजवळ गेला की तो येतो, आणि कुसरुंडाला शेवटचा माणूस विसाव्या दिवशी पडला. म्हणून आजपासून एकवीस दिवस गडाचा दरवाजा बंद. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. जो बाहेर गेला तो एकवीस दिवस बाहेरचाच. माझा हुकूम आला तरी उघडायचा नाही. मी स्वतः आलो तरी उघडायचा नाही."

"आणि गाडा, सरकार?" मागून एका म्हातारीने विचारले. "तिला शिवेवर तशीच सोडली तर आई गडावर यील की."

"गाडा पुढे जाणार नाही. आई माझी पाहुणी आहे. तिला पोतराज हवा ना? मी होतो."

मग सगळ्यांदेखत त्यांनी अंगरखा उतरवला, कंबरेला घुंगरांचा पट्टा बांधला आणि आसूड हातात घेतला. ज्या माणसांची सावलीही वाड्याच्या ओसरीवर पडू दिली जात नसे, त्यांचे हे काम देशमुखाने उचलले. वाड्याच्या सज्ज्यात त्यांच्या पत्नी मैनाऊसाहेब उभ्या होत्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला कधी अडवायला गेल्या नव्हत्या, त्या दिवशीही गेल्या नाहीत, फक्त सज्ज्याचा कठडा धरून खाली बसल्या.

दरवाजा त्यांच्यामागे बंद झाला.

शिवेवर गाड्याजवळ पाच माणसे उरली होती : ओढून आणणारे चौघे आणि सटवाची बायको भागू. चौघांतले दोघे आडवे झाले होते. गाडा नेमका ओढ्यालगत थांबला होता, आणि तोच ओढा खिंडीतून तळवड्याला जात होता. रायाजीरावांनी पहिले काम केले ते गाडा ओढून वरच्या खडकाळ माळावर नेण्याचे, आणि पाणी आणायला एकटेच कड्यापलीकडच्या झऱ्यावर जाण्याचे. आसूड कसा ओढायचा ते भागूने दाखवले.

"असा न्हाई, राजं. खांद्यावरनं. आवाज मोठा येतो, लागतं कमी. पर लागतंच."

"सटवाला लागत असे?"

"रोज," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या नावाने पहिल्यांदा रडली.

दिवस सरत गेले. चौघेही गेले; रायाजीरावांनी त्यांना एकेक करून खांदा दिला आणि एकट्याने जाळले. खालून तळवड्याच्या चौकीवरची माणसे, वरून गडाच्या तटावरची माणसे या एकट्या माणसाकडे पाहत, पण हाक कुणी मारीत नसे. उन्हे डोक्यावर आली की माळावर सावलीसुद्धा त्यांना सोडून जाई. ज्याच्या शब्दासरशी चारशे घोडा उठे, तो माणूस आता दिवसदिवस एका बाईशी आणि एका लाकडी मूर्तीशी बोले, आणि कधीकधी तेही बोलणे संपून जाई.

चौदाव्या दिवशी दुपारी गडावर नगारा वाजला. तो वाजायचे कारण नव्हते. थोड्याच वेळात गडाचा जुना हवालदार म्हादू नाईक तीस माणसे घेऊन कड्यावरून दोराने उतरला आणि माळाच्या कडेला, हुकुमाप्रमाणे अंतर राखून, गुडघ्यावर बसला. त्याच्या दाढीत घाम होता.

"धनी, घात झाला. दारकोजीराव गादीवर बसले. म्हणाले, ज्यानं पोतराजाचा आसूड धरला त्याला जात उरली नाही, गादी कुठली! मैनाऊसाहेबांना वाड्यात कोंडलंय. दरवाजावरची माझी माणसं आपलीच हाईत. हुकूम करा. घटकेत आत नेतो."

रायाजीरावांनी वर पाहिले. दरवाजा तिथून स्पष्ट दिसत होता. घर, गादी, मैनाऊसाहेब, सगळे त्या एका दरवाजाआड होते आणि तो उघडायला एक शब्द पुरेसा होता. त्यांनी मागे पाहिले. भागू सकाळपासून ओकत होती. नगारा वाजेपर्यंत तिचे डोके त्यांच्याच मांडीवर होते.

"म्हादू, आत आठशे माणूस आहे. एकाचेही पोट बिघडलेले नाही ना?"

"न्हाई, धनी. आईची शपथ."

"मग मी आत कसा येऊ?"

तेवढ्यात बुरुजावरून दारकोजीरावांचा आवाज आला. ते स्वतः आले होते, पाठीशी निम्मा गड उभा होता.

"दादासाहेब! भावाभावांत वैर कशाला? आजही ऐका. गाडा खिंडीत लोटून द्या. आपल्या हाताने नको तर म्हादूच्या माणसांना सांगा. तळवड्याची पीडा तळवड्याला. गाडा उतरला, की त्याच दिवशी मी गादीवरून उठेन, जात शुद्ध करून घेऊ, वहिनीसाहेब स्वतः ओवाळतील. एवढी भवानीची आण घेतो!"

दारकोजीराव खोटे बोलत नव्हते, हेच त्यातले वाईट. गादीपेक्षाही त्यांना गडाने आपल्याला शहाणा म्हणावे याची हौस होती. म्हादूच्या माणसांत चुळबूळ झाली. त्यांचीही बायकापोरे वर होती, आणि तळवडेकराच्या चौकीने त्यातल्या दोघांचे भाऊ मारले होते. एकजण तर गाड्याच्या दिशेने दोन पावले आलाही.

"थांब तिथेच!" रायाजीराव ओरडले. "जवळ येऊ नकोस."

आणि गाडा रिवाजाने चालता राहील तोवर कुणीतरी त्याला लोटणारच, आज हा, उद्या तो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख उमगले. सरणासाठी लाकडे फोडायची कुऱ्हाड जवळच पडली होती. ती त्यांनी उचलली. मरीआईवर त्यांची श्रद्धा होती. लहानपणी देवीच्या आजारात त्यांच्या आईने याच मूर्तीला नवस केला होता.

आधी त्यांनी मूर्त दोन्ही हातांनी उचलून खडकावर ठेवली, लुगडे नीट केले, डोके टेकले. मग गाड्याच्या आसावर कुऱ्हाड घातली. पहिल्या घावाला गडावरून किंकाळ्या उठल्या. म्हादू नाईकाने डोळे मिटून घेतले. पाचव्या घावाला आस मोडला, चाके निखळली, आणि रायाजीरावांनी चारही चाकांच्या फळ्या फोडून त्यांचा ढीग केला.

"ऐका रे!" ते बुरुजाकडे तोंड करून म्हणाले. "आई उतरली. आता ती कुठेही जाणार नाही. तिचा कोप व्हायचा असेल, तर गाडा मी मोडला आहे, गडाने नाही."

मागून भागूचा क्षीण आवाज आला, "आता तिला घर बांदा, राजं." सांज व्हायच्या आत ती गेली, आणि गाड्याच्या लाकडांवरच तिला अग्नी दिला. म्हादूची माणसे गडाबाहेर पडली होती, म्हणून तीही बाहेरचीच. ती खिंडीच्या तोंडाशी पहाऱ्याला बसली. माळावर रायाजीराव आता अगदी एकटे राहिले.

कोप झाला नाही. सात दिवस गेले, एकवीस पुरे झाले, गडावर एकही माणूस पडला नाही आणि खिंडीखाली साठ गावांत पटकी उतरली नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी गडकऱ्यांनी स्वतः दरवाजा उघडला. दारकोजीराव त्याआधीच मागच्या वाटेने आठ स्वार घेऊन निघून गेले होते, आणि त्यांना अडवावे असे कुणाला वाटले नाही.

रायाजीराव झऱ्यावर स्नान करून, स्वच्छ धोतर नेसून वर आले. दुतर्फा सारा गड उभा होता. बायका रडत होत्या, पुरुष जमिनीला डोके लावत होते, "धनी वाचला, धन्यानं वाचवलं" असे म्हणत होते. आणि ते जसजसे पुढे येत, तसतशी ती गर्दी दोन्ही बाजूंनी हातभर मागे सरत होती. ते थांबले, की ती थांबे. त्यांनी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. म्हातारा हसत, डोळे पुसत, नमस्कार करीतच मागे झाला. हे रोगाचे भय होते की आसुडाचा विटाळ, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

गादी परत मिळाली. न्यायनिवाडे होऊ लागले, मुजरे झडू लागले, ते जरा लांबून. भाऊबंदांनी पंगतीला मात्र निरनिराळी निमित्ते काढली, आणि पहिल्याच दुपारी वाड्याच्या माजघरात देशमुखांचे एकट्याचे पान मांडले गेले.

वाढायला मैनाऊसाहेब आल्या. कोंडलेल्या आठ दिवसांत त्यांनी अन्नाला शिवले नव्हते. डोळे खोल गेले होते. त्या पानासमोर वाकल्या, भाकरी हातात धरून थोडा वेळ तशाच राहिल्या, आणि मग दाराशी आलेल्या पोतराजाला घालतात तशी ती भाकरी त्यांनी हातभर उंचावरून पानात सोडली. ती पानाच्या कडेवर पडली.

दोघांनीही ते पाहिले.

"मला असं करायचं नव्हतं," मैनाऊसाहेब तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "देवाशपथ नव्हतं करायचं. पण माझा हात खालीच येईना."

"असू दे," रायाजीराव म्हणाले. "सवय जायला वेळ लागतो."

त्यांनी भाकरी पानात सरकवून घेतली, तिचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.