वगळलेली मुलाखत

सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाच्या त्या इमारतीत दोनच माणसं होती, आणि दोघंही कॉफीच्या यंत्रापुढे उभी होती. यंत्र नुसतंच घुरघुरत होतं.

"थांबा हं," म्हणत त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"तुम्ही यंत्र दुरुस्त करणारे?"

"नाही. खालच्या प्रयोगशाळेतले मायक्रोस्कोप साफ करायला आलोय. पण बिघडलेलं काही दिसलं की हात शिवशिवतात."

तिनं कान टवकारले. कामाचं व्यसन कोणत्या स्वभावाच्या माणसांना लागतं, हाच तिच्या संशोधनाचा विषय. शिवाय अनोळखी, देखण्या माणसाशी बोलायची तिला एकच रीत ठाऊक होती... प्रश्न विचारायचे.

"माझ्या अभ्यासासाठी मुलाखत द्याल?"

त्यानं दोन कप भरले आणि समोर बसला.

"कामात बारीकशी चूक झाली तर झोप उडते?"

"छे! सकाळी उठून दुरुस्त करतो."

"काम नसेल तर अस्वस्थ वाटतं?"

"आत्ता काम नाहीये," एक कप तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, "आणि... अजिबात वाटत नाहीये."

तिनं मान खाली घातली. पुढचा प्रश्न आठवायला जरा वेळच लागला.

आतापर्यंत भेटलेले सगळे कामवेडे चुकीला तरी घाबरायचे, नाहीतर लोकांच्या बोलण्याला. हा मात्र निव्वळ कुतूहलापोटी राबायचा आणि गाढ झोपायचा. या एका माणसामुळे तिच्या निष्कर्षाला नवीच दिशा मिळत होती. दुसऱ्या दिवशी मुलाखत वाचून मार्गदर्शक बाई हरखल्या. "अगं, हिरा सापडलाय तुला!"

त्याच दुपारी हिरा जिन्यात भेटला.

"आज माझं इथलं काम संपतंय. संध्याकाळी... पिक्चरला याल?"

'हो' अगदी ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. अभ्यासात घेतलेल्या माणसाशी संशोधकानं जवळीक वाढवायची नाही, असा सक्त नियम होता.

"नाही जमणार. काम आहे."

"बरं..." तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

फोनवर आईनं फैलावर घेतलं. "कामासाठी नाही म्हणालीस? मग त्या अभ्यासात आधी स्वतःला घाल!"

ती खिडकीपाशी बसली आणि आपलेच प्रश्न स्वतःला विचारू लागली. काम हातचं गेलं तर कसली भीती वाटते? आपण कमी पडू, याची. कुणाला कमी पडू?

ती उठून बाईंकडे गेली.

"कालची मुलाखत वगळायचीय."

"वेडी आहेस का? कारण काय?"

"संशोधक तटस्थ राहिलेली नाही."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पळ. खाली तो सामान आवरतोय, मघाशीच पाहिलं."

प्रयोगशाळेत तो शेवटची पेटी बंद करत होता.

"मी तुम्हाला अभ्यासातून काढून टाकलं," ती धापा टाकत म्हणाली.

"एवढा टाकाऊ निघालो?"

"नाही हो! सगळ्यात मोलाची मुलाखत होती. पण ती ठेवली असती, तर तुमच्याबरोबर पिक्चरला येता आलं नसतं. नियम आहे तसा."

त्याचे हात पेटीवरच थांबले. ती काय सोडून आली आहे, ते त्याला हळूहळू उमगत गेलं.

"मग आता... एक प्रश्न मी विचारू?"

"विचारा."

"हे अहो-जाहो कधी थांबवायचं?"

"तू पेटी उचल आधी," ती म्हणाली. "उशीर होतोय."