कागदाची पलीकडची बाजू

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लालबागमधल्या एका चाळीचा दुसरा मजला.

मृणालिनीने सवयीने समोर बघून म्हटलं, "धर."

समोर कुणीच नव्हतं.

आणि तरीही... कागद धरला गेला.

हे घडलेलं आहे. पुढचं पाहणारे दोघे होते. दोघांना वेगवेगळं विचारलं. तपशील जुळले.

मृणालिनी लाकडावर चित्रं कोरून त्यांचे छाप काढते. हे चित्र दाराएवढ्या फळीवर होतं. चाळीच्या अंगणातलं बदामाचं झाड आणि त्याच्या मागे उभे राहिलेले टॉवर. फळीला शाई लावायची, तेवढाच मोठा कागद वरून अलगद टेकवायचा, पाठीवर चमच्याने घासायचं. पण एवढा कागद टेकवायला दोन माणसं लागतात. जराही हलला की वाया गेला.

वीस वर्षं पलीकडचे कोपरे शेजारच्या शेवंतीवहिनी धरायच्या. हात साबणाने धुऊन यायच्या, आणि टोमणे मारायच्या.

"खिडक्यो बऱ्यो मोजून कोरलंस गो. पानां कोण मोजतलो? तुझो बिल्डर?"

डिसेंबरात वहिनी वारल्या. जानेवारीत पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. मग झाडही तोडलं. मजल्यावर मृणालिनी एकटी उरली. शुक्रवारपर्यंत तिलाही खोली सोडायची होती, आणि नव्या खोलीत ती फळी मावणार नव्हती. त्याआधी प्रदर्शनासाठी दहा छाप हवे होते. एकटीने टेकवलेले चार कागद फुकट गेले होते.

आता पाचवा कागद तिच्यासमोर ताणलेला होता. पलीकडचे दोन्ही कोपरे हवेत... स्थिर.

पंखा बंद होता.

तिने हात खाली घेतले. पलीकडची बाजूही खाली आली. तिच्याच वेगाने.

छाप स्वच्छ निघाला. काठावर एक डाग नाही.

घाबरले नाही, असं ती सांगते. तिने दुसरा कागद घेतला. "धर."

संध्याकाळपर्यंत सहा झाले.

गुरुवारी सकाळी अकराला विनीत आला. बिल्डरच्या ऑफिसातला, चाळिशीचा, बोलघेवडा.

"मॅडम, उद्या चावी हां. नाहीतर वरून माझी वाट लागेल. थांबा, तो कागद मी पकडतो ना."

"नको. विनीत, तिकडे नको..."

त्याने पलीकडचा कोपरा पकडलाच. आणि तो कागद कुणीतरी हळूच... त्याच्या बोटांतून सोडवून घेतला.

तो मागे सरला.

कागद पडला नाही.

"मॅडम... कोण आहे?"

"तू हात धुतले नाहीस ना," मृणालिनी म्हणाली.

चावीचं नाव न काढता तो जिना उतरला.

त्या दिवसअखेर एकूण नऊ छाप पूर्ण झाले. दहाव्यासाठी तिने शाई लावली, कागद उचलला... आणि थांबली. हा शेवटचा. यानंतर "धर" म्हणायला कारणच उरणार नव्हतं.

तिने कागद परत ठेवून दिला.

शुक्रवार उलटून पंधरा दिवस झाले. प्रदर्शनात नऊच छाप लागले आहेत. विनीत आता चाळीत पाऊल टाकत नाही. फाटकावरून फोन करतो.

काल वीज तोडली. त्याने फोन लावला. तिने उचलला.

"मॅडम, एकच राहिलाय ना? काढून टाका आणि निघा."

मग तिचा आवाज... पण फोनपासून लांब, खोलीतल्या कुणाला तरी विचारल्यासारखा.

"काढूया का, वहिनी?"

उत्तर विनीतला ऐकू आलं नाही.

मृणालिनी मात्र हसली. मग फोन बंद झाला.

आज सकाळी अकरापर्यंत तिचा फोन लागलेला नाही.