पाण्याच्या उलट वाहिलेलं प्रेत

"मॅडम, मेलेला माणूस प्रवाहाच्या उलट पोहतो का?"

थेट ठाण्यात विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अकरावीतल्या संजनाने पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर विनयांना एका दमात विचारून टाकलं.

काल दुपारी दोनला उमेळ्याचे श्रीपतकाकांचं प्रेत खाडीच्या मुखाजवळच्या धक्क्याला लागलं. कवटी मागून फुटलेली, एक डोळा बाहेर आलेला. खांद्यावरच्या पिशवीतल्या नऊ रिकाम्या बाटल्यांनी प्रेत तरंगत ठेवलं होतं. वर्षभर ते संजनाच्या वर्गाबरोबर खाडीचं पाणी तपासायला भरत. त्या तपासणीचे आकडे आणि भरती-ओहोटीच्या वेळा कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला दिल्या, की कुठली घाण कधी कुठे पोचेल ते दिसायचं.

कोठडीत स्टॅनी होता, राजोडीचा कोळी, तिच्या मैत्रिणीचा, फ्लॉसीचा बाप. धक्क्यावर लोकांनी तुडवून त्याचे दोन दात पाडले होते. बाकावर साक्षीदार हितेश. गोखिवऱ्यात खाडीकाठी त्याची कापड रंगवायची शेड.

"काय पाहिलंत, ते पुन्हा सांगा," विनया म्हणाल्या.

"काल सकाळी दहा वाजता खाडीच्या पुलावर स्टॅनी आणि म्हातारा जाळ्यांवरून भांडत होते. स्टॅनीने डोक्यात पहार घातली. म्हातारा खाली पडला, धक्क्याकडे वाहत गेला."

"धक्क्याकडेच?" संजनाने विचारलं.

"मग काय डोंगराकडे? नदी समुद्राकडेच जाते, बेटा."

"वसईत नवीन का, काका?"

"दोन वर्षं झाली. का?"

संजनाने लॅपटॉप फिरवला. "काल बारापर्यंत भरती होती. दहाला पुलाखालचं पाणी आत चाललेलं, धक्क्याच्या उलट. मी मॉडेलमध्ये घाणीच्या जागी प्रेत टाकलं. पुलावरून दहाला सोडलं, तर दोनला ते जेमतेम पुलापाशी परत येतं. दोनला धक्का गाठायचा, तर ते ओहोटीत, एकच्या सुमारास पडायला हवं. तेही पुलापेक्षा आतल्या बाजूला. तुमच्या शेडमागे."

"तेव्हा स्टॅनी कुठे होता?" विनयांनी विचारलं.

"राजोडीत मासळी विकत होता, मॅडम. अख्खा बाजार सांगेल."

"पोरीचे खेळ," हितेश हसला.

"श्रीपतकाका रोज दहा बाटल्या न्यायचे," संजना म्हणाली. " भरण्याआधी बाटलीवर वेळ लिहायचे. आम्ही विसरलो की ओरडायचे, 'पयली येळ, मंग पानी.' पिशवीत नऊच होत्या. दहावी शोधा."

हितेशने तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं. विनयांची काठी त्याच्या मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी शेडमागच्या चिखलात पहार सापडली. टोकाला पांढरे केस. शेजारी दहावी बाटली, रिकामी. वर काकांच्या अक्षरात: १२.५०.

"तुम्ही रंगाचं पाणी नाल्यातून खाडीत सोडत होतात," विनया हितेशला म्हणाल्या. "श्रीपतकाका तेच भरायला आले. वाकले, तेव्हा मागून पहार घातलीत. सकाळचं भांडण सगळ्यांनी ऐकलेलं, ते आयतं मिळालं. खाडी दिवसातून दोनदा उलटी फिरते, एवढंच माहीत नव्हतं."

हितेश कोठडीत गेला. स्टॅनी न्यायला आलेल्या फ्लॉसीच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडला.

घरी आई-बाबांनी तिच्या कपाळावरचे सहा टाके पाहिले. "बास झालं. खाडीचं नाव काढायचं नाही." आई म्हणाली.

संजनाने धुतलेली रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"उद्या बारा पन्नासला शेडमागचं पाणी मी भरणार आहे. तुम्ही दोघं आलात तर बरं. नाहीतर फ्लॉसी येतेच आहे."